पंधराशेंचं गाव, साडेसातशेंचा संसार : कॅन्ससमधल्या ग्रीन्सबर्गचं प्रकरण

४ मे २००७, शुक्रवार. रात्री पावणेदहाच्या सुमाराला अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या ग्रीन्सबर्ग गावावरून टोर्नेडो गेला. त्याची रुंदी पावणेतीन किलोमीटर. गाव त्याहून अरुंद. त्यामुळे गावाचं हे अंग गेलं आणि ते वाचलं, असं म्हणायची सोयच राहिली नाही. काही मिनिटांत ९५ टक्के गाव भुईसपाट झालं.

पुढची गोष्ट थोडीफार ऐकलेली असते. या गावाने स्वतःला 'हरित गाव' म्हणून नव्याने बांधलं. फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांनी अमेरिकी काँग्रेससमोरच्या भाषणात गावाचं नाव घेतलं. त्याच्यावर टीव्ही मालिका निघाली आणि तिच्या निर्मात्यांत लिओनार्डो डिकॅप्रिओ होता. यातलं काही खोटं नाही. पण ही इमारतींची गोष्ट आहे. माणसं मोजायला बसलं की आकडे असे येतात: २००० च्या जनगणनेत १,५७४, २०१० मध्ये ७७७, २०२० मध्ये ७४०. पैसा आला, आराखडा झाला, नेतृत्व बरं मिळालं, जगभर कौतुक झालं. तरी निम्मं गाव परतलं नाही. ते का, हे मला या प्रकरणात शोधायचं आहे.

वादळाआधीचं गाव

प्रेअरी म्हणजे उत्तर अमेरिकेच्या मध्यावर पसरलेला गवताळ मुलूख. झाड दिसलं तर ते बहुधा कुणीतरी लावलेलं असतं. डोंगर नाही, आडोसा नाही, वारा मात्र बारा महिने. कॅन्सस हे नाव कान्सा जमातीवरून आलं आणि त्याचा अर्थ 'दक्षिणवाऱ्याची माणसं' असा सांगतात. ग्रीन्सबर्ग ज्या काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, मुख्यालय आहे तिचं नाव कायोवा. तेही तिथल्या मूळच्या लोकांचं. १८६७ साली तिथून फार लांब नसलेल्या मेडिसिन लॉज इथे करार झाला आणि कायोवांची रवानगी आजच्या ओक्लाहोमात झाली. लोक गेले, पाटीवर नाव राहिलं.

गाव वसलं १८८६ मध्ये. 'ग्रीन्सबर्ग'मधला ग्रीन हा रंग नव्हे, माणूस आहे. डी. आर. ग्रीन, टोपणनाव 'कॅननबॉल', घोडागाड्यांच्या टपालसेवेचा मालक. दारूबंदीची जहाल प्रचारक कॅरी नेशन एकदा त्याच्या गाडीत बसली, तिने त्याच्या तोंडातली सिगार हिसकून फेकली, आणि त्याने बाईला तिथेच माळावर उतरवलं, अशी आख्यायिका आहे. रेल्वे आली आणि कॅननबॉलचा धंदा बसला, पण गाव रेल्वेच्या जोरावर उभं राहिलं.

१८८७-८८ मध्ये रेल्वेला आणि गावाला पाणी हवं म्हणून एक विहीर खोदली. १०९ फूट खोल, ३२ फूट व्यासाची, सगळी हातांनी. १९३२ पर्यंत गाव तिचं पाणी प्यायलं. १९३९ पासून ती 'जगातली सर्वांत मोठी हाताने खोदलेली विहीर' म्हणून तिकीट लावून दाखवली जाऊ लागली. साताऱ्याजवळच्या लिंबची बारामोटेची विहीर पाहिलेल्या माणसाला या दाव्यावर हसू येईल. लिंबची विहीर आडवीतिडवी पन्नास फूट आणि वर महाल बांधलेला. पण हमरस्त्यावरून जाणारी मोटार थांबवायला एवढा दावा पुरायचा. विहिरीशेजारच्या छोट्या संग्रहालयात जवळपास हजार पौंडांची एक उल्का ठेवलेली होती. ती याच परिसरातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एलायझा किंबर्ली नावाची शेतकरीण रानातले जड काळे दगड गोळा करायची आणि शेजारीपाजारी तिला हसायचे. ते दगड आकाशातून पडलेले निघाले.

बाकी गाव प्रेअरीवरच्या कुठल्याही गावासारखं. शरदात गहू पेरायचा, जूनमध्ये काढायचा, ट्रकमधून एलेव्हेटरवर न्यायचा. एलेव्हेटर म्हणजे धान्य साठवायचे काँक्रीटचे उंच गोल मनोरे. सपाटीवर ते मैलोन्‌मैल आधी दिसतात आणि गावाची खूण तीच असते, जशी आपल्याकडे देवळाच्या कळसाची.

आता महत्त्वाचा भाग. हे गाव वादळाने आजारी पडलं नव्हतं, ते आधीपासूनच खंगत होतं. १९६० च्या सुमाराला तिथे जवळपास दोन हजार वस्ती होती. त्यानंतरच्या प्रत्येक जनगणनेत आकडा थोडा खाली. कारण सरळ आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला १६० एकर दिले आणि त्या हिशोबाने गावं, शाळा, दुकानं वसली. पुढे ट्रॅक्टर मोठा झाला, कापणीयंत्र मोठं झालं. एक घर हजारो एकर कसू लागलं तेव्हा शेजारची नऊ घरं लागेनाशी झाली. जमीन विकली नाही तरी ती खंडाने दुसऱ्याकडे गेली आणि मुलं विचिटाला, राज्यातल्या मोठ्या शहरात. शेतीचं उत्पन्न वाढत असताना शेतीचं गाव ओस पडतं, हा प्रेअरीचा जुना विरोधाभास आहे. दुष्काळाने गाव रिकामं होताना आपण पाहिलेलं असतं. भरघोस पिकाने रिकामं होताना पाहायला जरा वेगळी नजर लागते.

ती रात्र

डॉज सिटीच्या हवामान कार्यालयाने नेहमीच्या इशाऱ्याच्या पुढे जाऊन 'टोर्नेडो आणीबाणी' जाहीर केली. गावातले भोंगे सुमारे वीस मिनिटं आधी वाजले. या वीस मिनिटांचं आणि घरोघरच्या तळघरांचं मोल मोठं आहे. ज्या गावात ९६१ घरं आणि दुकानं पूर्ण नष्ट झाली, तिथल्या टोर्नेडोने अकरा माणसं घेतली. अकरा जीव हे अकरा जीवच. पण ढिगारा पाहिलेल्यांना आकडा शेकड्यात असेल असंच वाटलं होतं.

वाऱ्याचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या आसपास धरला गेला. टोर्नेडो मोजायची नवी 'सुधारित फुजिता' श्रेणी त्याच वर्षी फेब्रुवारीत लागू झाली होती. तिच्यातला सर्वांत वरचा, पाचवा दर्जा मिळालेला पहिला टोर्नेडो हाच. सकाळी उभे दिसले ते एलेव्हेटरचे मनोरे, न्यायालयाच्या इमारतीचा सांगाडा, बाजारपेठेतली एखादी विटांची इमारत. इस्पितळ गेलं, शाळा गेली, चर्चं गेली, पाण्याची टाकी गेली. झाडं उभी होती, पण साली सोललेली आणि फांद्या नसलेली. विहिरीजवळची उल्का काही काळ सापडेना. हजार पौंडांचा दगडही उडाला की काय, अशी चर्चा झाली. तो पडलेल्या भिंतीखाली निघाला.

पाचव्या दिवशी, ९ मे रोजी, राष्ट्राध्यक्ष बुश आले. गव्हर्नर कॅथलीन सेबेलियस यांनी उघड तक्रार केली की राज्याच्या नॅशनल गार्डची, म्हणजे राखीव सैन्यदलाची, वाहनं आणि यंत्रं इराकमध्ये अडकल्यामुळे मदतीला कमी पडताहेत. त्यावर वॉशिंग्टनशी शाब्दिक चकमक झाली. या वादाचा गावाला उपयोग झाला नाही, इतकंच इथे नोंदवतो.

तंबूतले ठराव

बेघर लोकांसाठी संघीय आपत्ती यंत्रणेने, म्हणजे 'फेमा'ने, गावालगत फिरत्या घरांची वसाहत उभी केली. तिला लोक 'फेमाव्हिल' म्हणू लागले. सभागृह उरलं नव्हतं, म्हणून गावसभा मोठ्या तंबूत भरायच्या आणि शेकड्यांनी लोक यायचे. वादळाआधी नगरपरिषदेच्या बैठकीला कोण येत असेल याची कल्पना कुठल्याही गावचा माणूस करू शकेल.

पहिल्याच आठवड्यांत 'हरित' हा शब्द निघाला. महापौर लॉनी मॅककोलम यांनी तो बोलून दाखवला आणि मे महिना सरायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. पण शब्द मागे राहिला. तो पुढे नेला नगर प्रशासक स्टीव्ह ह्युइट यांनी. त्यांचं स्वतःचं घर गेलं होतं. जवळच्या एका काउंटीत राहणारे डॅनियल वॉलक एक टिपण घेऊन आले आणि त्यातून 'ग्रीन्सबर्ग ग्रीनटाउन' ही संस्था निघाली. २००८ मध्ये बॉब डिक्सन महापौर झाले. ते निवृत्त पोस्टमास्तर. गावातला प्रत्येक पत्ता तोंडपाठ असलेला माणूस, आणि आता त्यातले बहुतेक पत्तेच नव्हते.

अडचण शब्दाची होती. कायोवा काउंटी कट्टर रिपब्लिकन. तिथे 'ग्रीन' म्हटलं की किनारपट्टीवरचे केस वाढवलेले लोक आणि त्यांचे उपदेश आठवतात. हवामानबदलाचं भाषण तंबूत कुणी केलं असतं तर अर्धा तंबू उठून गेला असता. डिक्सन वेगळं बोलले. आपले पणजोबा मातीच्या ढेकळांच्या घरात राहत, उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार. पवनचक्कीने पाणी ओढत, पावसाचं पाणी साठवत. काही वाया घालवणं त्यांना परवडत नव्हतं. मग हरित कोण? या मांडणीत नवं काही शिकायचं नव्हतं, आजोबांचं आठवायचं होतं. शिवाय पुढची तीस वर्षं वीजबिल कमी येणार, हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

मला या प्रकरणातला हा सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. आपल्याकडे योजना गावात जाते ती बहुधा स्वतःची परिभाषा घेऊन जाते. गावकरी मान डोलावतात, सह्या करतात आणि अधिकाऱ्याची गाडी वळली की विसरतात. इथे विषय तोच राहिला, फक्त तो गावाच्या बोलीत मांडला गेला.

डिसेंबर २००७ मध्ये नगरपरिषदेने ठराव केला: गावाच्या मालकीची चार हजार चौरस फुटांपेक्षा मोठी प्रत्येक इमारत 'लीड प्लॅटिनम' दर्जाचीच बांधायची आणि ऊर्जेचा वापर नियमांच्या तुलनेत ४२ टक्क्यांनी कमी ठेवायचा. 'लीड' ही तिथली हरित इमारतींची मानांकन पद्धत आणि प्लॅटिनम ही तिची वरची पायरी. असा ठराव करणारं हे अमेरिकेतलं पहिलं गाव. न्यूयॉर्कने केला नव्हता, शिकागोने केला नव्हता, दीड हजार वस्तीच्या आणि त्या घटकेला एकही धड छप्पर नसलेल्या गावाने केला.

या ठरावात काय नव्हतं, तेही पाहायला हवं. खाजगी घरांवर सक्ती नव्हती. ज्याला जसं परवडेल तसं बांधा, सल्ला फुकट मिळेल, असं धोरण ठेवलं. ते शहाणपणाचं होतं. प्रेअरीवरच्या माणसाला त्याच्या घराची खिडकी कुठे असावी हे सांगायला जाणं म्हणजे निवडणूक हरण्याची खात्रीची वाट. अनेकांनी आपणहून जाड भिंती, चांगली तावदानं, जमिनीखालच्या उष्णतेवर चालणारे पंप घेतले.

उभं राहिलेलं

आधी उभं राहिलं कलाकेंद्र, ज्याचं नावच ५.४.७, वादळाची तारीख. कॅन्सस विद्यापीठाच्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते लॉरेन्समध्ये तुकड्यातुकड्यांनी तयार केलं आणि ट्रकवर लादून आणलं. त्याचं बाहेरचं लाकूड एका जुन्या दारूगोळा कारखान्यातून काढलेलं. प्लॅटिनम मिळवलेली राज्यातली ती पहिली इमारत. गावात दुकानं नव्हती तेव्हा कलाकेंद्र आधी का, असा प्रश्न मलाही पडला. उत्तर बहुधा एवढंच की विद्यार्थी तयार होते आणि त्यांना शैक्षणिक वर्ष संपायच्या आत काम पुरं करायचं होतं. पुनर्बांधणीत क्रम पुष्कळदा गरजेने ठरत नाही, ज्याच्याकडे पैसा आणि मुदत आहे तो ठरवतो. हे वाक्य पुढे पुन्हा लागेल.

मग नगरपालिकेची कचेरी, नवउद्योगांसाठी गाळ्यांची इमारत, इस्पितळ, शाळा, जॉन डिअरच्या ट्रॅक्टरविक्रेत्याचं नवं दुकान. न्यायालयाची जुनी इमारत पाडली नाही, आतून नवी केली. रस्त्यांवर एलईडी दिवे आले, मुख्य रस्त्याच्या कडेला पावसाचं पाणी मुरवणारे वाफे आले. एका राष्ट्रीय प्रयोगशाळेने हिशोब केला तेव्हा तेरा मोठ्या इमारती मिळून वर्षाला दोन लाख डॉलरपेक्षा जास्त ऊर्जाखर्च वाचवत होत्या. एवढ्याशा गावाला ही रक्कम किरकोळ नाही.

शाळेबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. वादळानंतर अधीक्षकांनी जाहीर केलं की ऑगस्टमध्ये शाळा ठरल्या वेळी सुरू होईल. इमारत नव्हती, फळे नव्हते, पुस्तकं नव्हती. तरी शाळा सुरू झाली, ट्रेलरमध्ये. बरोबर एका वर्षाने, ४ मे २००८ रोजी, बारावीच्या १८ मुलांच्या पदवीदान समारंभाला बुश पुन्हा आले. ज्यांना मुलं होती त्या कुटुंबांनी गाव सोडायचं की राहायचं हा निर्णय बऱ्याच अंशी शाळेच्या तारखेवर घेतला असणार. ऑगस्ट चुकला असता तर मुलांची नावं प्रॅट किंवा डॉज सिटीच्या शाळेत पडली असती, आणि एकदा मुलं तिकडे रुळली की आईवडील मागे येत नाहीत. शाळेची नवी इमारत २०१० मध्ये उघडली. ती गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत स्वस्तात झाली असती, पण मुख्य रस्त्यावरच बांधली.

वारा विकणारं गाव

विजेची बाजू अशी. ग्रीन्सबर्गची वीजव्यवस्था खाजगी कंपनीकडे नव्हती. तारा, खांब, ग्राहक, सगळं नगरपालिकेचं. वादळाने हे सगळं झोपवलं, पण मालकी झोपवली नाही. वीज कुठून घ्यायची हे गाव स्वतः ठरवू शकत होतं. हरित गावाच्या कौतुकात ही बाब सहसा येत नाही. मला मात्र ती पायाची वाटते. इतर कुठल्या गावाला ग्रीन्सबर्गची नक्कल करायची असेल तर पहिला प्रश्न सौर पॅनेलचा नाही, तुमच्या गल्लीतला खांब कुणाच्या मालकीचा आहे हा आहे.

२०१० मध्ये गावाच्या दक्षिणेला दहा पवनचक्क्या फिरू लागल्या. प्रत्येकी सव्वा मेगावॉट, एकूण साडेबारा. गावाच्या गरजेपेक्षा ही वीज कितीतरी जास्त. राहिलेली बाहेर जाते. प्रकल्प जॉन डिअर कंपनीच्या पवनऊर्जा शाखेचा. ही शाखा पुढे एक्सेलॉन या वीजकंपनीने विकत घेतली. आणि चक्क्या कुणाच्या? सुझलॉनच्या. म्हणजे आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या, सातारा-सांगलीच्या पठारांवर जिच्या चक्क्या आपण एसटीच्या खिडकीतून मोजतो, त्या कंपनीच्या. या कंपनीने मिनेसोटातल्या पाइपस्टोन या तशाच एका छोट्या प्रेअरी गावात पाती बनवायचा कारखानाही टाकला होता. वाऱ्याने उद्ध्वस्त झालेलं गाव वाऱ्यावर चालू लागलं, हे वाक्य इंग्रजी पत्रकारांनी इतक्या वेळा लिहिलं आहे की मी ते टाळणार होतो. सुझलॉनच्या निमित्ताने एकदा लिहून घेतलं.

पण या चक्क्यांनी गावात माणसं आणली का? नाही. दहा चक्क्यांची देखभाल मोजकी माणसं करतात. अमेरिकेतल्या वाऱ्याच्या धंद्यात पैसा जमीनमालकाला भाड्याच्या रूपाने आणि कंपनीला विजेच्या रूपाने मिळतो. गावात रोजगार म्हणून उरतं ते थोडं. हरित गाव झाल्यावर हरित उद्योग येतील ही आशा २००८ मध्ये बोलून दाखवली जात होती. नेमका त्याच वर्षी देशाचा आर्थिक बाजार कोसळला. आजही गावातली पक्की नोकरी म्हणजे शाळा, इस्पितळ, काउंटीची कचेरी, ट्रॅक्टरचं दुकान. वादळाआधीही हीच होती.

निम्मे कुठे गेले

आता मूळ प्रश्नाकडे. कोण परतलं नाही?

वादळाआधी ग्रीन्सबर्ग म्हाताऱ्यांचं गाव होतं. शेती सोडून गावात येऊन राहिलेली जोडपी, एकट्या उरलेल्या आजी. घर लाकडी, पन्नास-साठ वर्षांचं किंवा त्याहून जुनं, कर्ज केव्हाच फिटलेलं. कर्ज फिटलं की विमा भरपूर ठेवायची सक्ती बँक करत नाही, म्हणून अनेकांचा विमा तुटपुंजा. तो जुन्या घराच्या किमतीइतका होता, नवं घर बांधायच्या खर्चाइतका नाही. गाव खंगत असल्यामुळे जुन्या घराची किंमत मुळातच पडलेली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तेवढ्या पैशात काय करायचं? तो पैसा घेऊन प्रॅटला मुलीजवळ जायचं, विचिटात वृद्धांच्या वसाहतीत खोली घ्यायची. बहुतेकांनी तेच केलं आणि त्यात वावगं काही नव्हतं.

दुसरा गट भाडेकरूंचा. कमी पगाराची नोकरी आणि पडक्या म्हणाव्या अशा घराचं नाममात्र भाडं, हा मेळ गावात बसलेला होता. वादळाने ती घरं नेली आणि घरमालकांना ती पुन्हा बांधण्यात काही फायदा नव्हता, कारण नव्या घराचं भाडं जुन्या भाडेकरूला झेपणार नव्हतं. थोडी भाड्याची घरं झाली. 'प्रेअरी पॉइंट' नावाची जोडघरं तर प्लॅटिनम दर्जाची झाली. पण गेलेल्या घरांच्या संख्येपुढे ती थोडीच.

आणि इथे मदतीच्या रचनेतली तफावत दिसते. सार्वजनिक इमारत पडली तर तिच्या खर्चाचा मोठा वाटा 'फेमा' उचलते. शिवाय राज्याचा पैसा, कृषी खात्याचं कर्ज, मोठ्या कंपन्यांच्या देणग्या. नवउद्योगांची इमारत एका चिप्सच्या ब्रँडच्या दहा लाख डॉलरांच्या देणगीतून आली. खाजगी घराला मात्र त्या वर्षी एका कुटुंबामागे 'फेमा'ची मदत जास्तीत जास्त २८ हजार डॉलरांच्या आसपास. त्यापुढे सरकारी कर्ज. पंच्याहत्तरीच्या माणसाने कर्ज काढायचं आणि कोणत्या हप्त्यापर्यंत जगायचं?

म्हणून गावात काय उभं राहिलं, याचं उत्तर गावाच्या इच्छेत जितकं आहे तितकंच पैशाच्या वाटांत आहे. इस्पितळाला वाट होती, शाळेला होती, कलाकेंद्राला होती. आजींच्या दोन खोल्यांच्या लाकडी घराला नव्हती. ज्याच्याकडे पैसा आणि मुदत आहे तो क्रम ठरवतो, असं वर म्हटलं ते याच अर्थाने.

मोडायला आलेलं जुनं, गळकं, स्वस्त घर ही गावाची मत्ता असते, हे कुठल्याही ताळेबंदात लिहिलेलं नसतं. ते घर म्हाताऱ्याला म्हातारपणी जिथे आहे तिथे राहू देतं, नुकतं लग्न झालेल्या पोराला शिल्लक टाकू देतं. नव्या घराची भिंत कितीही जाड केली तरी ते काम नवं घर पहिली वीस-तीस वर्षं करू शकत नाही, कारण ते अजून स्वस्त झालेलं नसतं. ग्रीन्सबर्गमध्ये सगळी घरं एका रात्रीत नवी झाली आणि स्वस्त घर नावाची वस्तूच गावातून नाहीशी झाली. हिरवा आग्रह नसता तरी हे झालंच असतं. हरित बांधकामामुळे लोक परत आले नाहीत हा आरोप मी पाहिला आहे आणि तो मला पटत नाही, कारण खाजगी घरांवर सक्तीच नव्हती.

मग जमलं की फसलं?

लोकसंख्येच्या आकड्यावर बोट ठेवून प्रयोग फसला म्हणणारे एक गोष्ट विसरतात. वादळाने पडलेलं प्रेअरीवरचं गाव पुन्हा उभं राहतंच असं नाही. ते नकाशावरून पुसलं जाणं हा अगदी शक्य कोटीतला शेवट होता. ७४० माणसांच्या गावाला इस्पितळ आहे, पहिलीपासून बारावीपर्यंत शाळा आहे, न्यायालय आहे. तसं पाहिलं तर ७७७ पासून ७४० ही दहा वर्षांतली घट आसपासच्या गावांसारखीच साधी घट आहे. गाव पुन्हा आपल्या जुन्या आजाराच्या गतीवर आलं.

पण दुसऱ्या बाजूचा उत्साहही मला जड जातो. फलकांवरची प्लॅटिनमची पदकं मोजून ग्रामीण अमेरिकेच्या प्रश्नाला उत्तर सापडल्याचं लिहिलं गेलं. प्रश्न होता की गव्हाच्या शेतीला माणसं लागत नाहीत. इमारतीने त्याचं उत्तर देता येत नाही, आणि गावाने तसा दावा सुरुवातीला केलाही नव्हता. तो बाहेरून आलेल्यांनी चिकटवला. गावाने एवढंच ठरवलं होतं की बांधायचंच आहे तर नीट बांधू. २०११ मध्ये मिझुरीतल्या जॉप्लिनवर टोर्नेडो आला तेव्हा ग्रीन्सबर्गचा अनुभव सांगायला डिक्सन तिकडे गेले, २०१३ मध्ये व्हाइट हाउसच्या हवामान-सज्जतेच्या कार्यगटात बसले. या अनुभवाचा उपयोग होता, पण तो आपत्तीनंतरच्या गावाला होता, ओस पडणाऱ्या गावाला नव्हे.

मी त्या तंबूत असतो तर एकच गोष्ट आग्रहाने मांडली असती: चार हजार चौरस फुटांच्या ठरावाबरोबर सहाशे चौरस फुटांचाही एक ठराव करा. गावाच्या मालकीची लहान, साधी घरं, म्हाताऱ्यांसाठी आणि नव्याने येणाऱ्यांसाठी, पहिल्या दोन वर्षांत. वीजव्यवस्था गावाच्या मालकीची असू शकते तर वीस-पंचवीस खोल्याही असू शकतात. तेवढ्याने गाव पुन्हा पंधराशेंचं झालं नसतंच. पण फेमाव्हिलमध्ये वाट पाहत बसलेल्या काही जणांनी सामान बांधताना दोनदा विचार केला असता.

२०१२ मध्ये मोठ्या विहिरीचं नवं संग्रहालय उघडलं. आत गोल जिन्याने विहिरीत उतरता येतं आणि उल्काही जागेवर आहे. उन्हाळ्यात हमरस्त्यावरच्या मोटारी थांबतात, लोक विहीर पाहतात, कचेरीचे आणि शाळेचे फोटो काढतात, पवनचक्क्यांकडे बोट दाखवतात. मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्ल्यांत फार थोडे जातात. तिथे दोन नव्या घरांमध्ये तीन-तीन, चार-चार मोकळे प्लॉट आहेत. गवत नीट कापलेलं. मधूनच फुटपाथपासून एक सिमेंटची पायवाट निघते, सरळ आत जाते आणि गवतातच संपते.